‘म्हणून’ आणि ‘तरी’ : इंग्रजीच्या तासाला युक्तिवाद

इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. बेला आणि पैनगंगेच्या अलीकडच्या गावांतील जुन्या मराठी घरांतून हे शब्द आजही कानी पडतात. विशेषतः जून महिन्यात, मुलांच्या शाळा ठरविताना. हे दूध प्यालेल्या मुलाने पुढे करावयाचे काय, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. सहावी ते आठवीच्या वर्गांत इंग्रजीच्या तासाला मुलाला शब्दसंग्रह मिळावा, वक्तृत्व यावे आणि आपले म्हणणे कारणे देऊन मांडता यावे, अशी आपली अपेक्षा असते. यांपैकी पहिल्या दोहोंचे कौतुक आपण भरपूर करतो. तिसऱ्याचे केवळ नाव घेतो, असे आमचे मत झाले आहे. हे मत कटू वाटेल; पण आपल्याच भाषेतील काही नामांकित लेखन त्या दृष्टीने पुन्हा वाचल्यावर ते अधिकच पक्के झाले.

आपल्या घरांचा भाषांशी व्यवहार मोठा गमतीचा राहिला आहे. निजामाच्या अमदानीत आजोबांनी उर्दूतून शिक्षण घेतले आणि कचेरीत दरखास्तही उर्दूतच दिली. सभा भरवावयास जेथे परवानगी लागे, तेथे आपल्या माणसांना भाषणाचे अप्रूप वाटावे हे स्वाभाविकच होते. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली. राजुरा आणि किनवट हे मराठी मुलूख आदिलाबाद जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात गेले, बेला इकडेच राहिले. पुढे २०१४ साली तेलंगण राज्य झाले. २०२२-२३ पासून शासकीय शाळांत पहिली ते आठवीला इंग्रजी माध्यम आले आणि त्यासाठी एका पानावर इंग्रजी व समोरच्या पानावर तेलुगू अशी पुस्तके निघाली. योजना समंजस आहे. इंग्रजी पान अडले की मुलाने समोर पाहावे. परंतु ज्याच्या घरी आजी मराठीत रागावते, त्याला त्या समोरच्या पानाचा आधार अर्धाच. म्हणजे आपल्या मुलाला एका परक्या पानावरून दुसऱ्या अर्ध्या परक्या पानावर जावे लागते, आणि ज्या भाषेत तो भांडतो, हट्ट करतो, सबबी सांगतो, ती भाषा वर्गाच्या बाहेर चपलांपाशी राहते.

आणि युक्तिवाद तर भांडण, हट्ट आणि सबब यांतूनच सुरू होतो.

काही वर्षांपूर्वी एका शाळेतील इंग्रजी वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून बसण्याचा योग आम्हांस आला. विषय नेहमीचाच : मोबाइल शाप की वरदान. सातवीतील एका मुलीने शाप असल्याचे इतक्या आवेशाने सांगितले की टाळ्या थांबेनात. ‘डिव्हास्टेटिंग’, ‘जेनरेशन’, ‘कॅटॅस्ट्रॉफी’ हे शब्द तिने न अडखळता उच्चारले. बक्षीस तिलाच मिळाले. आम्हीही गुण दिले, ते नाकारीत नाही. नंतर सहज विचारले, ‘तुझ्या घरी मोबाइल कोण वापरतं?’ ती म्हणाली, ‘बाबा. बाजारभाव बघतात.’ मग तो शाप कसा, असे विचारताच तिने आमच्याकडे पाहिले आणि म्हणाली, ‘सरांनी शापाची बाजू दिली होती.’ या उत्तरात मुलीचा दोष नाही. तिला बाजू मिळाली होती, शब्द मिळाले होते, हातवारे मिळाले होते. आपल्या घरातील पुराव्याने आपलीच बाजू ढासळते, हे पाहण्याची सवड मात्र तिला कोणी दिली नव्हती.

पाठ्यपुस्तकाला दोष द्यावा तर तेही पुरते खरे होणार नाही. एकत्रित आंध्र प्रदेशात २०११ च्या अभ्यासक्रम आराखड्यानंतर जी इंग्रजी पुस्तके आली, त्यांत ‘अवर वर्ल्ड थ्रू इंग्लिश’ या मालेने धड्यापाठोपाठ शब्दसंग्रह, व्याकरण, लेखन, श्रवण-संभाषण आणि प्रकल्प अशी मांडणी केली, आणि संभाषण, पत्र, भाषण यांबरोबर वादविवादालाही जागा दिली. जागा आहे. परंतु ‘वादविवाद’ असे छापले की वर्गाचे दोन भाग पडतात, फळ्यावर अनुकूल आणि प्रतिकूल मुद्दे उतरतात, ते वह्यांत जातात आणि तेथून परीक्षेत. कोणाचेही मत तासाच्या शेवटी तासाच्या आरंभाहून निराळे होत नाही.

ही खोड आजची नाही. तिचे एक मोठे देखणे रूप आपल्या गद्याच्या उंबरठ्यावरच उभे आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर हे सरकारी शाळेत शिक्षक होते आणि १८७४ पासून सात वर्षे, ८४ अंकांतून, त्यांनी ‘निबंधमाला’ चालविली. मेकॉले, जॉन्सन यांच्या वाचनावर पोसलेली त्यांची वाक्ये आजही मोठ्याने वाचावीशी वाटतात. मराठी निबंधाला त्यांनी जो डौल दिला, त्याचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु तोच डौल युक्तिवादाची जागा कशी घेतो, हे पाहावयाचे असेल तर जोतीराव फुल्यांच्या पुस्तकांचा त्यांनी घेतलेला समाचार वाचावा. फुले काय म्हणतात यापेक्षा ते कोणत्या व्याकरणाने म्हणतात, यावर शास्त्रीबोवांचा भर. उपहास अव्वल दर्जाचा आहे, वाचक हसतो, आणि हसता हसता मूळ प्रश्न बाजूला पडला हे त्याच्या ध्यानी येत नाही. आपल्या न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी केलेला तो वाद. जिंकण्यासाठी केलेला तो जल्प. स्वतःचा पक्ष न मांडता केवळ समोरच्याचे खोडणे ती वितंडा. निबंधमालेतील ही पाने भाषेच्या कसोटीवर अव्वल उतरतात आणि या कसोटीवर जल्पाच्या पुढे जात नाहीत. आमच्या वक्तृत्व स्पर्धा अजून याच वळणाच्या आहेत. फरक इतकाच की शास्त्रीबोवांची वाक्ये त्यांची स्वतःची होती.

ज्यांच्या व्याकरणाला हसले गेले, त्यांच्याकडे वळू. ‘गुलामगिरी’ १८७३ साली प्रसिद्ध झाली. तिला इंग्रजी प्रस्तावना आहे, आणि मूळ पुस्तक जोतीराव व धोंडिबा यांच्या संवादाच्या रूपात आहे. धोंडिबा विचारतो, शंका काढतो, उत्तर मागतो. तो फार कडवा प्रतिपक्षी नव्हे, पुष्कळदा होकारच देतो, हेही खरे. तथापि समोर कोणी तरी प्रश्न विचारणारा आहे, ही जाणीव पानोपानी राहते. त्याहून महत्त्वाचे लेखन १८८२ चे. हंटर आयोगापुढे फुल्यांनी शिक्षणाविषयी इंग्रजीत निवेदन दिले. सरकारचा महसूल बव्हंशी रयतेच्या श्रमातून येतो, आणि त्यातून शिक्षणावर होणारा खर्च वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो. म्हणून प्राथमिक शिक्षणाकडे अधिक लक्ष द्यावे आणि ते निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, अशी त्याची वाट आहे. पैसा कोठून येतो, कोठे जातो, म्हणून काय व्हावे. सातवीच्या मुलाला या तीन पायऱ्या बोटावर मोजता येतील. अलंकार जवळजवळ नाहीत. शेतकऱ्याच्या बाजूने, सरकारला कळणाऱ्या भाषेत दिलेली ती साक्ष आहे. आमच्या समजुतीने मराठी माणसाने इंग्रजी भाषेचा केलेला सर्वांत मोलाचा उपयोग हाच : सत्तेपुढे साक्ष देणे.

या उपयोगाची परिपूर्ती गोपाळ कृष्ण गोखल्यांत दिसते, आणि ते मुळात शाळामास्तर होते, हे आपण विसरतो. चिपळूणकर, टिळक, आगरकर आदींनी १८८० च्या जानेवारीत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. काही वर्षांनी गोखले तेथे शिकवू लागले आणि पुढे फर्ग्युसनमध्ये गेले. त्यांच्या आयुष्यातील १८९७ ची गोष्ट प्रत्येक इंग्रजीच्या शिक्षकाने वर्गात सांगावी अशी आहे. वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी ते विलायतेस गेले होते. तेथे असतानाच पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी प्लेगच्या बंदोबस्तातील सैनिकांवर गंभीर आरोप केले. परत आल्यावर त्यांना ते सिद्ध करता आले नाहीत. त्यांनी जाहीर माफी मागितली. स्वकीयांनी त्यांना दुबळे ठरविले. त्या माफीचे राजकीय मोल काय होते, याचा वाद इतिहासकारांनी करावा. आम्हांस एवढेच दिसते की त्यानंतरच्या गोखल्यांच्या भाषणांत आकड्यावाचून पाऊल पडत नाही. पुराव्याविना बोललेले मागे घ्यावे लागते, हा धडा त्यांनी भर चौकात घेतला. आपल्या वर्गांत मागे घेणे म्हणजे हरणे. वादविवादात ‘तुझा हा मुद्दा बरोबर आहे, मी माझे म्हणणे बदलतो’ असे म्हणणाऱ्या मुलाला गुण देणारा तक्ता आम्ही अद्याप पाहिलेला नाही.

२६ मार्च १९०२ रोजी केंद्रीय कायदेमंडळात गोखल्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन. सरकारकडे सात कोटी रुपयांची शिल्लक पडली होती, आधीच्या वर्षांतही शिलकी होत्या, आणि सभागृहात अर्थसदस्यांचे अभिनंदन चालले होते. शिल्लक म्हणजे देशाची भरभराट, असे ते साधे समीकरण. गोखल्यांनी आरंभीच सांगितले की या अभिनंदनात आपणांस सामील होता येत नाही. पुढे त्यांनी जे केले ते विलक्षण आहे. त्यांनी आकडा नाकारला नाही. सात कोटी मान्य केले. नाकारला तो आकड्यावरून काढलेला निष्कर्ष. रुपयाचा भाव घसरत असताना, १८८५ नंतर, सरकारने तूट भरण्यासाठी कर वाढविले होते. मिठावरील कर १८८८ मध्ये मणाला दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. मग टांकसाळी बंद करून रुपया तेरा पेन्सांच्या आसपासवरून सोळा पेन्सांवर नेला गेला, विलायतेला पाठवावयाच्या रकमेचा बोजा रुपयांत हलका झाला, परंतु वाढविलेले कर तसेच राहिले. म्हणून शिल्लक. आणि हे कोणत्या वर्षांत? १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांच्या. शिल्लक भरभराटीची खूण नसून गरजेहून अधिक कर घेतल्याची खूण आहे, हे त्यांनी प्रतिपक्षाच्याच वहीतून काढून दाखविले. १९०३ साली मिठाचा कर दोन रुपयांवर आला, १९०५ साली दीडवर, १९०७ साली एकावर. ही केवळ एका भाषणाची किमया म्हणणे भाबडेपणाचे होईल, पण त्या मागणीला तर्काचे हत्यार कोणी दिले याविषयी आम्हांस शंका नाही.

आता या भाषणातील शब्दसंग्रह पाहा. सारा वाद ‘सरप्लस’ या एका शब्दावर तोललेला आहे. आमच्या वर्गात हा शब्द यादीत येतो : सरप्लस, शिल्लक, विरुद्धार्थी डेफिसिट, वाक्यात उपयोग करा. मुलगा पाठ करतो आणि विसरतो. शिल्लक कोणाची, कोणाच्या ताटातून काढलेली, असे विचारले तर तोच शब्द त्याच्या मनात काट्यासारखा रुतेल. ज्यावरून दोन माणसांचे जमत नाही, असा शब्द मुलाला द्यावा. ‘फेअर’, ‘नीड’, ‘डॅमेज’, ‘प्रूफ’ असे आठ-दहा शब्द वर्षभर पुरतात. ‘कॅटॅस्ट्रॉफी’ नंतर आली तरी बिघडत नाही.

आणि त्याहीपूर्वी यावेत ते बारके शब्द, ज्यांना आपण शब्दसंग्रहात धरतच नाही : बिकॉज, सो, देअरफोर, ऑल्दो, अनलेस, इफ. युक्तिवादाची सांधेजोड यांच्यावरच असते. येथे आपल्या मुलांची अडचण आणि श्रीमंती दोन्ही एकदम दिसतात. मराठी ‘जरी’ला ‘तरी’ची जोड लागते, एकट्या ‘जरी’ने वाक्य लंगडे पडते. म्हणून आपला मुलगा इंग्रजीतही ‘ऑल्दो’ लिहून पुढे ‘बट’ लिहितो आणि तांबड्या शाईचा धनी होतो. ती चूक अडाणीपणाची नाही. त्याच्या मनात मराठीचा न्याय जागा असल्याची ती खूण आहे. शिक्षकाने फळ्यावर दोन्ही वाक्ये शेजारी मांडली आणि ‘आपण दोन खांब उभे करतो, इंग्रजी एकाच खांबावर छप्पर तोलते’ असे सांगितले, तर पाच मिनिटांत काम होते. ‘अनलेस’चेही तसेच. त्याच्या पोटात नकार दडलेला आहे. ‘जोपर्यंत नाही, तोपर्यंत नाही’ हे आपण उघड दोनदा म्हणतो, म्हणून मूल ‘अनलेस’नंतर आणखी एक ‘नॉट’ ठोकून देते.

याहून गोड गोष्ट ‘म्हणून’ची. हा शब्द ‘म्हणणे’ या क्रियापदापासून आला. पाऊस आला म्हणून थांबलो, यात कोणी तरी काही म्हटले आहे आणि त्यामुळे पुढचे घडले आहे. तेलुगूत ‘एंदुकंटे’ म्हणजे कारण. त्याची फोड केली तर ‘का असे म्हणाल तर’ अशी होते. आदिलाबादच्या बाजारात ऐकू येणाऱ्या दखनीत ‘बोलके’ हेच काम करते. म्हणजे आपले मूल ज्या तीन बोलींत वाढते, त्या तिन्हींत कारण देणे हे म्हणण्याशी बांधलेले आहे. समोर कोणी तरी विचारणारा गृहीत धरलेला आहे. इंग्रजी ‘बिकॉज’च्या पोटात मात्र ‘कॉज’ आहे, कारण ही वस्तूच आहे, विचारणारा नाही. हा भेद सातवीच्या वर्गात सांगता येतो का? आम्हांस वाटते, बेल्याच्या वर्गात तो पुण्याच्या वर्गापेक्षा सोपा जाईल, कारण येथे उदाहरणे बाकाबाकांवर बसलेली आहेत. शेजारच्या तेलुगू मुलाला विचारा, ‘तुमच्यात कसं म्हणतात?’ आणि तास चालू झाला.

याची परंपराही आपल्याकडे आहे. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ साली ‘वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण’ लिहिले आणि त्याच वर्षी ‘सुधारक’ सुरू केला, ज्यात मराठी बाजू त्यांची आणि इंग्रजी बाजू गोखल्यांची. एकाच वर्षी वाक्याची चिरफाड करणारे पुस्तक आणि समाजाची चिरफाड करणारे पत्र, हा योगायोग आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. कोणते वाक्य मुख्य, कोणते त्यावर टेकलेले, हे ज्याने शोधले त्याला कोणता दावा कोणत्या आधारावर टेकला आहे, हेही दिसू लागते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने पुढे घराघरांत इंग्रजी नेले. आपल्या कित्येक वडिलांचे इंग्रजी तीवरच उभे राहिले. तिचा उपकार मोठा. परंतु तिच्यातील वाक्ये सुटी आहेत. एक वाक्य दुसऱ्याला उत्तर देत नाही. त्यामुळे वाक्य अचूक करणारा विद्यार्थी तयार झाला, वाक्यामागून वाक्य नेऊन कोणाला पटविणारा तयार झाला नाही. आज आपण पृथक्करण टाकले, भाषांतर टाकले, आणि त्यांच्या जागी ‘फ्लुएन्सी’ आणली. न अडखळता बोलणे म्हणजे विचार करणे, असा समज करून घेणे सोयीचे असते. शुल्क भरणाऱ्या पालकाला ते कानांनी तपासता येते.

बारा वर्षांच्या मुलाकडून ही अपेक्षा जड आहे, असा आक्षेप येईल. आम्हांस तो खरा वाटत नाही. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन ही न्यायाची पाच अंगे ऐकून मूल घाबरेल. पण डोंगरावर धूर दिसतो, म्हणून आग असावी, चुलीपाशी पाहिले होते तसे, हे कोणत्या मुलाला कळत नाही? दुसरा आक्षेप अधिक खरा आहे : एका शिक्षकापाशी चाळीस वह्या असतात आणि परीक्षा मुद्दे मोजते. त्याला आमच्यापाशी पुरते उत्तर नाही. एवढेच सुचवितो की महिन्यातून एकदा एकच परिच्छेद लिहून घ्यावा, तपासताना शुद्धलेखनाला हात लावू नये, आणि खाली एकच प्रश्न लिहून वही परत करावी. प्रश्न असा की जो समोरच्या बाजूने विचारला असता. पुढच्या आठवड्यात मुलाने त्याच परिच्छेदात त्या प्रश्नाला जागा करून द्यावी. प्रश्न मराठीत लिहिला तरी चालेल. विचार मराठीत अडला आणि मराठीतच सुटला, तर इंग्रजी वाक्य मागाहून सरळ होते. उलट होताना आम्ही पाहिलेले नाही.

अशी एक वही आमच्यापाशी आहे. आठवीतील मुलगा, घरी कापूस. परिच्छेदाचा विषय ‘अ डे इन द मार्केट’. मुलांनी गर्दी, फुगे आणि आइस्क्रीम लिहावे अशी अपेक्षा. याने मार्केट यार्ड लिहिले. सीसीआयच्या खरेदीत आठ टक्के ओलाव्यापर्यंत पुरा हमीभाव मिळतो, त्यापुढे बारा टक्क्यांपर्यंत कपात होते आणि बाराच्या वर माल घेत नाहीत, हे त्याला तोंडपाठ आहे. त्याने लिहिले आहे की गाडी सकाळी उभी राहिली तेव्हा यंत्राने अकरा दाखविले. दुपारपर्यंत ऊन लागून तोच कापूस वाळला. तरी कपात सकाळच्या आकड्यावर झाली. ‘ऑल्दो’ लिहून पुढे ‘बट’ही लिहिले आहे. शिक्षकांनी ‘बट’वर तांबडी रेघ मारली आहे, ‘मॉइश्चर’चे स्पेलिंग सुधारले आहे आणि खाली ‘गुड’ असा शेरा देऊन सही केली आहे. सकाळी ओल्या कापसाचे वजनही जास्तच भरले असेल, मग तुझ्या वडिलांचा तोटा नेमका किती झाला, हा प्रश्न त्या पानावर कोणी लिहिलेला नाही. आणि मुलाने पानाच्या तळाशी चार ओळी कोऱ्या सोडलेल्या आहेत.